साडेसातशे तास फुकट

“फुकट आहे ना? मग कार्ड कशाला मागतायत?”

आण्णांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती आणि घरातल्या जुन्या कंप्युटरसमोर आम्ही तिघं दोन खुर्च्यांवर बसलो होतो. म्हणजे एकीवर आण्णा, आणि दुसरीवर मी आणि आई अर्धी अर्धी. त्यात आईच्या मांडीवर शेंगा निवडायचं ताट.

“माणूस खरा आहे की खोटा, ते बघायला मागतात,” मी म्हणाले.

“मग आधार कार्ड दे म्हणावं.”

“आण्णा, कंपनी परदेशातली आहे.”

“असू दे की. माणूस तर कोळेगावचा आहे ना?”

मी कपाळावर हात मारला. आई म्हणाली, “अहो, तिला करू द्या. गुरुवार जवळ आलाय.”

गुरुवार. त्या आठवड्यात आमच्या घरात हा वार देवाच्या नावासारखा घेतला जायचा. इंजिनिअरिंग होऊन मला वर्ष झालं होतं. अकरा मुलाखती दिल्या होत्या आणि अकराही ठिकाणी ‘कळवतो’ म्हणाले होते. एकानेही कळवलं नव्हतं. बारावी मुलाखत गुरुवारी पुण्याला होती आणि ही शेवटची, असं मी रागाच्या भरात सगळ्यांना सांगून बसले होते. हीसुद्धा गेली तर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. मामाने हौसेने माझ्यासाठी फिरती खुर्ची आणून ठेवली होती. जाता-येता मला ती दाखवायचा, वर एकदा गरकन फिरवूनही दाखवायचा. मला त्या खुर्चीची अशी काही धडकी भरली होती की विचारू नका.

पुण्याच्या कंपनीची एकच अट होती. तुम्ही स्वतः केलेलं काहीतरी आम्हाला बघायचंय, आणि ते इंटरनेटवर चालू पाहिजे. मंगळवारपर्यंत पत्ता पाठवा.

केलेलं माझ्याकडे होतं. आमच्या तालुक्यातल्या त्रेचाळीस गावांना कुठली एसटी किती वाजता, कुठल्या मार्गाने जाते, ते दाखवणारं एक पान मी बनवलं होतं. गाव निवडा, पुढची गाडी कळेल. आण्णा कोळेगावच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे चौकशीच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारणारे. एकतीस वर्षं. सगळं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात होतं. रोज संध्याकाळी ते चहा पीत एकेक मार्ग सांगायचे आणि मी टाइप करायचे.

पण ते पान होतं आमच्या घरच्या कंप्युटरमध्ये. पुण्याच्या लोकांना ते दिसायला एखादं बिऱ्हाड पाहिजे होतं, चोवीस तास उघडं. असं बिऱ्हाड क्लाउडवर मिळतं, असं मी वाचलं होतं. मोठ्या कंपन्यांचे हजारो कंप्युटर कुठेतरी चालू असतात. त्यातला एक इवलासा तुकडा आपल्याला वापरायला देतात आणि नवीन माणसाला पहिलं वर्ष फुकट. फक्त खातं उघडायचं. फक्त! त्या खात्यापायी आमच्या घराची त्या दिवशी जी तारांबळ उडाली, ती आठवली की मला अजून हसू येतं.

सुरुवात फोनपासून झाली. पडद्यावर चार आकडे येणार, आपल्या मोबाइलवर यंत्राचा फोन येणार आणि ते चार आकडे आपण दाबायचे. नंबर आण्णांचा दिला होता. फोन वाजला आणि आण्णांनी सवयीने उचलून म्हटलं, “नमस्कार, कोळेगाव बसस्थानक, बोला.”

पलीकडची बाई इंग्रजीत बोलायला लागली.

“दाबा आकडे!” मी ओरडले.

“थांब, त्यांचं बोलणं चाललंय. होऊ दे त्यांचं.”

“ती बाई नाहीये, यंत्र आहे!”

“यंत्र असलं तरी मध्येच तोडायचं का?”

यंत्राने मात्र आण्णांना मध्येच तोडलं. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा आईने शेंगांचे हात पदराला पुसले, आण्णांच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि एक शब्द न बोलता चार आकडे दाबले. हिरवी खूण आली. आई पुन्हा शेंगा निवडायला लागली.

मग कार्ड. आण्णांचं पगाराच्या खात्याचं कार्ड पडद्यावरच्या खिडकीत टाकलं, नाही म्हणाली. आईचं टाकलं, नाही. परदेशी चालणारं क्रेडिट कार्ड पाहिजे. आता कोळेगावात क्रेडिट कार्ड कुणाकडे? मी डोकं धरून बसले, आणि आण्णा म्हणाले, “मेहबूबभाईकडे आहे.”

मेहबूबभाई शिकलगार म्हणजे स्टॅन्डवरच्या कँटीनचे मालक. बँकेच्या माणसाने मागे लागून त्यांना ते कार्ड दिलं होतं आणि त्यांनी ते आजवर एकदाही वापरलं नव्हतं. वापरलं की संपतं, असा त्यांचा समज असावा. आण्णांनी फोन केला आणि वीस मिनिटांत ते हजर. कार्ड बँकेच्या पाकिटात, पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी रुमालात.

“कार्ड हातात देणार नाही, बेटी,” ते म्हणाले. “मी वाचतो, तू लिही.”

“चालेल, चाचा.”

त्यांनी कार्ड छातीशी धरलं आणि तिरक्या नजरेने सोळा आकडे वाचले. मागचे तीन आकडे वाचताना तर आण्णांना तोंड फिरवायला लावलं. आण्णांनीही फिरवलं! तीस वर्षांची दोस्ती, रोज एका बशीत चहा, पण तोंड फिरवलं.

लगेच त्यांचा मोबाइल वाजला. मेसेज वाचून चाचांचा चेहरा उतरला. ते आण्णांना म्हणाले, “खोतसाहेब, दोन रुपये गेले.”

“फुकट म्हणत होतीस ना?” आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जसे काही मीच ते चाचांच्या खिशातून काढले होते.

“परत येतात ते. कार्ड चालतंय का, एवढंच बघतात.”

“आलेला पैसा कोण परत देतं?” चाचा म्हणाले. आईने चहा दिला तो प्यायले आणि निघताना मला म्हणाले, “जाऊ दे. तुझी नोकरी लागली तर दोन रुपयांत स्वस्त पडलं.” दोन दिवसांनी पैसे खरंच परत आले, तेव्हा त्यांनी कँटीनमध्ये तो मेसेज कंडक्टर-ड्रायव्हरांना वाचून दाखवला म्हणे.

तर अशा रीतीने खातं उघडलं. पुढची खिडकी विचारत होती, तुमचं मशीन कुठल्या शहरात पाहिजे? खाली जगभरातल्या शहरांची यादी.

“मुंबई,” आण्णा म्हणाले. “त्यात विचारायचं काय? वेळेला माणूस जाऊन बघू शकतो.”

मी मुंबई निवडली. तेव्हापासून आण्णा त्या मशीनला ‘मुंबईची गाडी’ म्हणायला लागले. संध्याकाळपर्यंत मी आमचं पान तिच्यावर चढवलं. तिचा पत्ता म्हणजे नुसते आकडे होते, मध्ये टिंबं. त्याला नाव घ्यायचं तर कार्ड पुन्हा लागणार होतं, आणि चाचांना पुन्हा रुमाल सोडायला लावायची माझी छाती नव्हती. म्हटलं, आकडे तर आकडे. मोबाइलवर तो पत्ता टाकला आणि आमचं पान उघडलं. आईने आपल्या माहेरचं गाव निवडलं, पिंपळदरा. ‘पुढची गाडी साडेपाच’ असं आलं.

“बरोबर आहे,” आण्णा म्हणाले. ते खूश झाले की एवढंच म्हणायचे.

पण रात्री जेवताना त्यांच्या डोक्यात किडा वळवळत होताच.

“ही गाडी रात्रभर चालूच असते?”

“हो. महिन्याला साडेसातशे तास फुकट असतात. महिन्यात तेवढे तासच नसतात. चालू दे.”

“शेवटची गाडी पावणेदहाला सुटते. मग पहाटे पावणेसहापर्यंत स्टॅन्डवर कुत्रं नसतं. वेळापत्रक बघणार कोण?”

“कुणी का बघेना. फुकट आहे ना?”

“फुकट आहे म्हणून इंजिन चालू ठेवायचं?”

हा आण्णांचा जुना आजार. उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं की ते खिडकीतून बाहेर यायचे आणि ड्रायव्हरला किल्ली फिरवायला लावायचे. घरात आम्ही खोलीतून बाहेर पडायच्या आत दिवा मालवलेला असायचा. मी विषय बदलला.

मंगळवारी मी कंपनीला पत्ता पाठवला. बुधवारी दुपारच्या गाडीने पुण्याला मावशीकडे निघाले. निघताना आण्णा म्हणाले, “तू नसताना गाडी अडली तर? कुणीतरी बघायला पाहिजे.”

त्यात तथ्य होतं. मी त्यांना खातं उघडून दाखवलं. अडली तर इथे ‘स्टॉप’, मग इथे ‘स्टार्ट’. आणि हे तिसरं, ‘टर्मिनेट’, याला मरेपर्यंत हात लावायचा नाही, त्याने गाडी भंगारात जाते. आण्णांनी खिशातल्या डायरीत सगळं लिहून घेतलं. ‘टर्मिनेट’च्या खाली दोन रेघा मारल्या.

गुरुवारी सकाळी साडेअकराला मी मुलाखतीच्या खोलीत होते. समोर दोघं. देवस्थळी मॅडम, कंपनीच्या मालकीणबाई, पन्नाशीच्या, केस आखूड, आवाज त्याहून आखूड. आणि त्यांच्या शेजारी शंतनू सर, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे असतील. भिंतीवर मोठा पडदा.

“कामाचं बघू,” मॅडम म्हणाल्या. “पान उघडा तुमचं.”

मी पत्ता टाकला. एकशे अठ्ठ्याण्णव, टिंब, एकावन्न, टिंब... तोंडपाठ होता. पडद्यावर ते गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मग ‘पान सापडत नाही’ असा पांढरा पडदा आला.

पुन्हा टाकला. पुन्हा पांढरा.

“काल चालू होतं,” मी म्हणाले.

“सगळ्यांचं काल चालू असतं,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी घड्याळाकडे बघितलं. “मंगळवारी आम्ही बघायचं ठरवलं होतं, राहून गेलं. आता आमच्यासमोर फक्त तुमचा अर्ज आहे.”

मामाची ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर गरकन फिरली, अगदी खरं सांगते.

“मॅडम, एक फोन करू? वडिलांना. घरून तेच बघतायत.”

“वडील? करा. पण स्पीकरवर ठेवा, आम्हालाही कळू दे.”

मोबाइल लावला, कुणी उचलेना. उचलणार कसा? ड्यूटीवर आण्णांचा मोबाइल ड्रॉवरमध्ये असायचा. मग स्टॅन्डचा चौकशीचा नंबर लावला. दोन घंट्यांत उचलला.

“नमस्कार, कोळेगाव बसस्थानक, चौकशी. बोला.”

“आण्णा, मी हर्षदा.”

“ड्यूटीवर आहे मी. घरचं असेल तर दोनला बोलू.”

“घरचं नाही! चौकशी आहे!”

“मग विचारा,” आण्णा म्हणाले. समोर शंतनू सरांनी तोंडावर हात धरला.

“मुंबईची गाडी कुठाय?”

“जागेवर आहे. रात्री दहाला बंद केली, पहाटे पाचला चालू केली. चालू झालेली बघूनच घरातून निघालो.”

“बंद केली? आण्णा, बंद का केली?”

“तू टर्मिनेटला हात लावू नको म्हणालीस, मी लावला नाही. नुसती स्टॉप केली. रिकामी गाडी रात्रभर घुरघुरत ठेवायची माझ्याच्याने झालं नाही.”

आणि मला एकदम आठवलं. खातं उघडल्यावर क्लाउडवाल्यांच्या मदतीच्या पानावर वाचलं होतं आणि साफ विसरले होते. असं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, की त्याला नवा पत्ता मिळतो. जुने आकडे गेले. कंपनीला पाठवलेले, तोंडपाठ केलेले, सगळे गेले.

“आण्णा, तिचा नंबर बदलला असेल!”

“बदललाच. लिहून घेतलाय मी.”

“मग मला कळवलं का नाही?” माझा आवाज रडवेला झाला होता.

“नंबर कशाला कळवायचा?” आण्णांना खरंच कळेना. “इथं रोज गाडी बदलते. आज एक येते, उद्या दुसरी. आम्ही नंबर आमच्यापुरता लिहून ठेवतो. प्रवासी काय नंबर बघून चढतो? तो पाटी बघून चढतो. पाटी कायम, गाडी कुठलीही लागू दे. आता तू तुझ्या गाडीला पाटीच लावली नाहीस, त्याला मी काय करू?”

मग मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि त्या चक्क हसल्या, अगदी मोकळ्या.

“शंतनू,” त्या म्हणाल्या, “गेल्या वर्षी आपल्याकडे आलेल्या नव्या पोरांना हे समजावायला तुला किती दिवस लागले?”

“दोन आठवडे, मॅडम. तरी तिघांनी नावाऐवजी आकडेच लिहून ठेवले होते.”

मॅडम फोनकडे वाकल्या. “काका, नमस्कार. मी मुलाखत घेतेय. तो नवा नंबर सांगता का?”

“घ्या लिहून,” आण्णा म्हणाले, आणि त्यांचा माइकवरचा आवाज लागला, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. “दोनशे तीन. शून्य. एकशे तेरा. सत्तेचाळीस. पुन्हा एकदा. दोनशे तीन...”

मी पहिल्या खेपेलाच टाइप केलं आणि पान उघडलं. माझा जीव भांड्यात पडला. शंतनू सर उठून पडद्याजवळ गेले. गावं निवडून बघायला लागले, इकडून तिकडून, मुद्दाम चुकवायला. पान चुकलं नाही. मग ते एका मार्गावर अडले. “हे ‘दोन चिंचा’ काय आहे? मी नकाशात बघतोय, असं गावच नाही.”

“गाव नाही, सर. रस्त्याला दोन चिंचेची झाडं आहेत. तिथे हात केला की गाडी थांबते. आतल्या वस्तीवरची माणसं तिथूनच चढतात.”

“हे कुठल्या यादीत मिळालं तुम्हाला?”

मी माझ्या अर्जाकडे बघितलं.

मॅडमनी माझा अर्ज पुढे ओढला. “इथे लिहिलंय तुम्ही. ‘सर्व माहिती सहा महिने प्रत्यक्ष सर्वेक्षण करून स्वतः गोळा केली.’ ” चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे बघितलं. “आणि वडिलांचा व्यवसाय, ‘सरकारी नोकरी’.”

आता सांगून टाकते. कॉलेजात माझ्या वर्गातली मुलं स्टॅन्डवरच्या पुकाऱ्याची नक्कल करायची, नाकात बोलून. तो पुकारा माझ्या वडिलांचा आहे, हे मी चार वर्षांत कुणाला कळू दिलं नव्हतं. अर्ज भरताना माझा हात आपोआप तसाच चालला. वडिलांनी सांगितलं आणि मी टाइप केलं, हे लिहायला मला कमीपणा वाटला. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

“काका,” मॅडम फोनमध्ये म्हणाल्या, “हे वेळापत्रक तुम्ही दिलंत का मुलीला?”



“नाही, मॅडम,” आण्णा म्हणाले. “तिनंच केलं. सहा महिने सर्वेक्षण केलं तिनं. स्टॅन्डवर उभी राहून, वही घेऊन. मी फक्त नोकरी करतो इथं.”

‘सर्वेक्षण’ हा आण्णांचा शब्दच नव्हता. म्हणजे अर्ज त्यांनी वाचला होता. घरच्या कंप्युटरवर उघडा राहिला असेल. वाचला होता आणि मला एका अक्षराने बोलले नव्हते. बुधवारी स्टॅन्डवर माझी बॅग उचलून रॅकवर ठेवली होती, खिडकीची जागा धरून दिली होती. आणि आता एकतीस वर्षांत प्रवाशाला एक मिनिट इकडचं तिकडे न सांगणारा माणूस, चौकशीच्या खिडकीत बसून, माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलत होता.

मला तिथेच रडू फुटलं. मुलाखतीत रडायचं नसतं, माहीत होतं, तरी फुटलं.

“खोटं आहे, मॅडम,” मी म्हणाले. “सगळं त्यांनी सांगितलंय. त्रेचाळीस गावं, दोन चिंचा, सगळं. मी एक दिवसही वही घेऊन उभी राहिले नाही. मी फक्त टाइप केलं.”

“ए, गप!” फोनमधून आण्णा ओरडले. “मुलाखत चाललीय ना तुझी? काय बोलतेस तू?”

“खरं बोलतेय, आण्णा.”

“अगं, पण...” ते अडखळले. मग त्यांचा आवाज एकदम ड्यूटीवर गेला. “मॅडम, दोन मिनिटं थांबा. बारा-दहाची लागलीय.”

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग माइकची खरखर, आणि मग त्या पुण्याच्या गार खोलीत माझ्या वडिलांचा पुकारा घुमला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावं. फलाट क्रमांक दोनवर लागलेली गाडी, तांबेवाडी, गारदी फाटा, पिंपळदरा, दोन चिंचा, वरची बेलोशी, खालची बेलोशी, सावरगाव मार्गे...”

शंतनू सर पडद्यासमोर उभे होते. त्यांनी बोट ठेवलं. बारा-दहा. तांबेवाडी. गारदी फाटा. आण्णा एकेक गाव पुकारत होते आणि सरांचं बोट एकेक ओळ खाली येत होतं. एकही गाव मागेपुढे झालं नाही. सर वळून म्हणाले, “वरची आधी, खालची नंतर?”

“खालच्या बेलोशीत गाडी वळत नाही, सर. वरून वळसा घालून यावं लागतं,” मी नाक पुसत म्हणाले. “तेही त्यांनीच सांगितलंय.”

देवस्थळी मॅडमनी ते पान शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे वळल्या.

“पान साधं आहे तुझं,” त्या म्हणाल्या. मी ‘तू’ कधी झाले, मला कळलं नाही. “सजावट बेताची. नंबराला नाव नाही, ते आम्ही शिकवू. पण आतली माहिती खरी आहे, आणि ती कुणाला विचारायची हे तुला कळलं. आमच्याकडे येणाऱ्यांना नेमकं तेच कळत नाही. विचारायच्या माणसाला विचारत नाहीत. अर्जातली ती दोन वाक्यं आत्ता माझ्यासमोर खोड आणि खरी लिही.”

मी खोडली. ‘वडील, वाहतूक नियंत्रक, कोळेगाव बसस्थानक’ असं लिहिलं. ‘माहिती त्यांची’ असं लिहिलं. अक्षर भयंकर आलं.

तेवढ्यात रिसीव्हर उचलल्याचा आवाज झाला. “हं, बोला. अजून काही चौकशी?”

“चौकशी संपली, काका,” मॅडम म्हणाल्या. “मुलीला घेतलंय आम्ही.”



“कधीपासून?” आण्णांनी विचारलं.

“सोमवारपासून.”

“किती वाजता पोचायचं?”

“साडेनऊ.”

“मग रविवारची सव्वादोनची धरावी लागेल,” आण्णा म्हणाले. “हर्षा, सव्वादोनची. ती थेट आहे. मागची जागा घेऊ नकोस, तुला... तुला गाडी...” गाडी लागते, असं म्हणायचं होतं त्यांना. ते काही त्यांच्याच्याने पुरं झालं नाही. फोन ठेवल्याचा आवाज आला.

पुढचं मला मेहबूबचाचांनी सांगितलं, रविवारी सव्वादोनच्या गाडीत बसवून देताना. मागे आण्णा कंडक्टरला माझ्या बॅगेबद्दल तिसऱ्यांदा काहीतरी बजावत होते. गुरुवारी फोन ठेवल्यावर, चाचा म्हणाले, साडेबाराची गाडी फलाटाला लागली, प्रवासी उभे राहिले, आणि पुकारा काही होईना. चाचा चहाचा ट्रे घेऊन खिडकीशी गेले, तर खोतसाहेब माइक हातात धरून बसलेले आणि डोळ्यांतून नुसत्या धारा. बोलायला तोंड उघडायचे आणि पुन्हा मिटायचे.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, माइक मी घेतला. गावं मला माहीत नाहीत का? रोज ऐकतो.” चाचांनी माझ्या हातात वाटेत खायची भजी दिली आणि आवाज खाली आणला. “पण पुकारायला लागल्यावर माझापण गळा भरून आला, बेटी. सात गावं उलटीपालटी केली. साडेबाराची गाडी त्या दिवशी पाऊण वाजता सुटली.”